व्यावसायिक संकेतस्थळांवरील छायाचित्रांचे परवानामूल्य

एखाद्या व्यवसायाने आपल्या संकेतस्थळावर दुसऱ्याने काढलेले छायाचित्र वापरण्यासाठी द्यायचा मोबदला म्हणजे परवानामूल्य. हा व्यवहार विक्रीचा नसतो. स्वामित्वहक्क सहसा छायाचित्रकाराकडेच राहतो आणि ग्राहकाला ठरावीक वापराची परवानगी मिळते. त्यामुळे एकच छायाचित्र एका छोट्या व्यावसायिकाला कमी दरात आणि एखाद्या विमान कंपनीला कितीतरी अधिक दरात देण्यात काही गैर नाही. दर ठरतो तो त्या चित्राकडून कोणते काम करून घेतले जाणार यावर.

मुद्रणाच्या काळात हे काम मोजण्याची मापे हाताशी होती : नियतकालिकाचा खप, चित्राने व्यापलेला पानाचा भाग, मुखपृष्ठ की आतले पान, वितरणाचा प्रदेश. संकेतस्थळांनी यांतली बहुतेक मापे निकामी केली. किती जण पान उघडतील हे आधी सांगता येत नाही, आणि ते जगात कुठूनही उघडते. पिक्सेलमधील आकारावर दर लावण्याची पद्धत बरीच वर्षे चालली. पण पडद्याप्रमाणे बदलणारी मांडणी रूढ झाल्यावर तेच चित्र मोबाइलवर बोटभर आणि मोठ्या पडद्यावर पूर्ण रुंदीचे दिसू लागले. तेव्हा हे मापही डळमळीत झाले.

होमपेजवरचा रुंद बॅनर आणि आतल्या पानावरचे लहानसे चित्र यांतला फरक मात्र टिकून आहे. ग्राहकाच्या उद्योगाचा आकार, चित्र थेट जाहिरातीसाठी आहे की मजकुराच्या सोबतीला, समाजमाध्यमांवरही ते वापरले जाणार का, याही गोष्टी दरात धरल्या जातात. प्रतिस्पर्ध्याला तेच चित्र मिळू नये असे ग्राहकाला वाटत असेल तर एकाधिकाराचा दर वेगळा. त्या मुदतीत छायाचित्रकार इतर गिऱ्हाइकांना मुकतो, म्हणून तो बराच चढा असणे रास्त आहे.

या सगळ्यांत मुदत सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच करारात सर्वाधिक दुर्लक्षित राहते. मासिकाचा अंक महिन्याभरात मागे पडतो. संकेतस्थळावरचे चित्र कोणी काढेपर्यंत तिथेच असते. एक वर्षाचा परवाना आणि कायमचा परवाना यांना एकच दर लावणारा छायाचित्रकार पुढच्या सगळ्या वर्षांचा वापर फुकट देऊन टाकतो. ग्राहकाचीही यात सोय आहे. दोन वर्षांनी संकेतस्थळाची नवी रचना होणार असेल, तर त्याने कायमच्या हक्काचे पैसे का मोजावेत? मुदत, नूतनीकरणाचा दर आणि मुदत संपल्यावर चित्र कोणी उतरवायचे, हे लेखी ठरलेले असले की पुढचे बरेच वाद टळतात.

परवान्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. ‘राइट्स मॅनेज्ड’ प्रकारात प्रत्येक वापराची मोजणी होऊन दर लागतो. ‘रॉयल्टी-फ्री’ प्रकारात एकदा शुल्क भरले की परवान्याच्या अटींत राहून ते चित्र पुन्हापुन्हा वापरता येते. या नावातील ‘फ्री’ने अनेकांची दिशाभूल केली आहे : चित्र मोफत नसते, फक्त दर वापरामागे वेगळी रॉयल्टी द्यावी लागत नाही. दुसऱ्या प्रकाराने दरांची घडीच बदलली. 2000 मध्ये सुरू झालेल्या आयस्टॉकफोटो या तयार छायाचित्रांचे परवाने देणाऱ्या संकेतस्थळाने अगदी अल्प दरात चित्रे देण्याची वाट पाडली, 2003 मध्ये स्थापन झालेल्या, त्याच व्यवसायातील शटरस्टॉकने वर्गणीची पद्धत रुजवली. गेटी इमेजेस या मोठ्या चित्रसंस्थेने 2006 मध्ये आयस्टॉकफोटो 5 कोटी डॉलरना विकत घेतले आणि 2019 मध्ये आपल्या सर्जनशील (म्हणजे बातम्यांव्यतिरिक्तच्या) संग्रहातून राइट्स मॅनेज्ड प्रकार मागे घेण्याचे जाहीर केले. स्वतंत्र छायाचित्रकाराने मात्र या दरांशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. वर्गणीतले चित्र शेकडो संकेतस्थळांवर आधीच लागलेले असू शकते; ग्राहकाच्या स्वतःच्या कामाचे, माणसांचे, जागेचे चित्र तिथे मिळत नाही. अशा सांगून काढून घेतलेल्या चित्रांसाठी निर्मितीशुल्क आणि वापरशुल्क वेगवेगळे दाखवणे उत्तम. दोन्ही एकाच आकड्यात मिसळले की ग्राहकाला चित्रे आपल्या मालकीची झाली असे वाटते.

मूल्य भरले म्हणजे सगळे हक्क आले असे नाही. ओळखू येणाऱ्या व्यक्तीचे चित्र जाहिरातीत वापरण्यासाठी त्या व्यक्तीचे लेखी संमतिपत्र लागू शकते, आणि केवळ वृत्तोपयोगासाठी दिलेले चित्र जाहिरातीत चालत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही मोफत वापराची मुभा देणारे परवाने, 2002 पासून उपलब्ध आहेत. त्यांपैकी ‘अव्यावसायिक’ अट असलेले परवाने व्यवसायाच्या प्रचाराला उपयोगी पडत नाहीत. आणखी एक अडचण नेहमी येते : परवाना संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावावर निघतो आणि मूळ व्यवसायाकडे कागदच नसतो. परवान्यावर प्रत्यक्ष वापरकर्त्याचे नाव हवे.

परवान्याशिवाय वापरलेली चित्रे शोधणे आता सोपे झाले आहे. टिनआय हे चित्रावरून चित्र शोधणारे साधन 2008 मध्ये आले. अशा प्रकरणांत भरपाई ठरवताना, रीतसर परवाना घेतला असता तर किती शुल्क पडले असते, हा आधार अनेकदा घेतला जातो. त्यामुळे पूर्वीची बिले आणि दरपत्रक जपून ठेवणाऱ्या छायाचित्रकाराची बाजू भक्कम होते. गूगलच्या चित्रशोधात 2020 पासून, परवान्याची माहिती जोडलेल्या चित्रांवर तशी खूण दिसते आणि परवाना कुठे मिळेल याचा दुवाही तिथे देता येतो.