रानसफरचंद : बहर, ठिकाण आणि शिकार

रानसफरचंद : (प्रजाती–मॅलस, कुल–रोझेसी). अमेरिकेच्या ईशान्य भागात जंगलाच्या कडेला, मोडक्या दगडी गडग्यांलगत आणि ओसाड शेतघरांच्या आसपास आपोआप रुजलेली किंवा मागे राहिलेली सफरचंदाची झाडे. मेन, न्यू हॅम्पशर, व्हर्माँट व न्यूयॉर्क या राज्यांत पांढऱ्या शेपटीचे हरिण, काळे अस्वल आणि ग्राऊझ (तित्तिरासारखा रानपक्षी) यांची शिकार करणारे लोक अशी झाडे हेरून ठेवतात. या झाडांचे पीक वर्षागणिक व जागेगणिक फार बदलते. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे. लागवड, वाण व उपयोग यांसाठी [→ सफरचंद]. कवठाला इंग्रजीत ‘वुड ॲपल’ म्हणतात, पण ते लिंबाच्या कुलातले झाड असून त्याचा येथे काहीही संबंध नाही.

उगम : सफरचंदाचे मूळ मध्य आशियात असावे हे मत जुने आहे. योहान सिव्हर्स या जर्मन औषधविक्रेत्याने १७९३ मध्ये तार्बागाताई पर्वतात मोठ्या फळांची रानझाडे पाहिली, लेडेबूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने पुढे या जातीचे वर्णन करताना तिला सिव्हर्सचेच नाव दिले (आजचे नाव मॅ. सिव्हर्सी). रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलॉव्ह १९२९ मध्ये अल्मा-आता (सध्याचे अल्माटी) येथे गेला, तेव्हा शहराभोवतीच्या डोंगरउतारांवर त्याला सफरचंदाची जंगलेच आढळली आणि हेच उगमकेंद्र असे त्याने मानले. कझाक भाषेत ‘अल्मा’ म्हणजे सफरचंद. २०१० मध्ये गोल्डन डेलिशस या वाणाच्या जीनोमचा (संपूर्ण जनुकसंचाचा) क्रम प्रसिद्ध झाला, त्यानेही मॅ. सिव्हर्सीकडेच बोट दाखविले. मात्र २०१२ मधील एका विस्तृत आनुवंशिकीय अभ्यासानुसार हे फळ पश्चिमेकडे सरकत असताना युरोपातील मॅ. सिल्व्हेस्ट्रिस या आंबट रानजातीचा संकर त्यात इतका झाला, की आजचे बागेतील सफरचंद काही बाबतींत तिलाच अधिक जवळचे ठरते. मूळ आशियाई, पण भर युरोपीय, असे समजणे सध्या तरी अधिक सयुक्तिक दिसते.

फळ मोठे व गोड कसे झाले, हा वाद वेगळा. तिएनशान पर्वतातील अस्वलांनी पिढ्यान्‌पिढ्या मोठी फळे निवडून खाल्ली व बिया पसरवल्या, हे वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी ज्युनिपर यांचे मत बरीच वर्षे प्रचलित होते. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट स्पेंग्लर यांनी २०१९ मध्ये बीजप्रसाराचे श्रेय प्राचीन काळातील घोडे, हरणे व आता नामशेष झालेले मोठे सस्तन प्राणी यांना दिले, आणि वाणांचा पुढचा विकास संकरामुळे झाला असे मांडले. एकट्या अस्वलावर सगळा भार टाकणे कठीणच आहे.

अमेरिकेत मॅ. कोरोनॅरिया, मॅ. आयोएन्सिस, मॅ. अँगस्टिफोलिया आणि पश्चिम किनाऱ्यावरील मॅ. फस्का या देशी जाती आहेत. त्यांची फळे लहान व तोंड आंबवणारी असतात. ईशान्येकडील शिकारी ज्यांना रानसफरचंदे म्हणतात ती बहुतांशी ही नव्हेत. वसाहतकाळी आलेल्या युरोपीय सफरचंदाचीच ती रानटी संतती होय. विल्यम ब्लॅक्स्टन याने सुमारे १६२५ मध्ये सध्याच्या बॉस्टनच्या जागी बाग लावली, असे मानले जाते. जॉन चॅपमन (१७७४–१८४५) याने पेनसिल्व्हेनिया, ओहायो व इंडियाना भागांत बियांपासून रोपवाटिका केल्या. बीपासून आलेले झाड आईबापांसारखे निघत नाही. एका फळातल्या पाच बिया पेरल्या तर पाच तऱ्हेची झाडे होतात. एक ऑगस्टमध्येच गळेल, दुसरे डिसेंबरपर्यंत फळ धरून ठेवील. एकोणिसाव्या शतकात डोंगराळ भागातील शेते सोडून लोक पश्चिमेकडे व गिरण्यांच्या गावांत गेले, तेव्हा बागा जागीच राहिल्या. १९३३–३४ च्या कडक हिवाळ्यात मेनमधील बाल्डविन वाणाची झाडे मोठ्या संख्येने मेली. त्यानंतर ज्या बागांकडे कोणी वळून पाहिले नाही, तेथे आज मॅपल व पांढऱ्या पाइनच्या दाटीत एखादे पोखरलेले खोड आणि जवळच घराच्या तळघराचा दगडी खड्डा, एवढेच दिसते.

बहराचा चढउतार : हापूस एक वर्ष लागतो आणि दुसऱ्या वर्षी दगा देतो, हे कोकणातल्या बागायतदाराला सांगावे लागत नाही. सफरचंदाचेही तसेच आहे, आणि येथे कारण बरेचसे उलगडले आहे. पुढच्या वर्षीची फुलकळी आदल्या उन्हाळ्यातच, फुलोरा ओसरल्यावर काही आठवड्यांत, ‘स्पर’ म्हणविल्या जाणाऱ्या आखूड फळफांद्यांच्या टोकाशी धरू लागते. नेमक्या त्याच वेळी कोवळ्या फळांतील बिया वाढत असतात आणि त्यांतून येणारी जिबरेलिने (वनस्पतींची वाढसंप्रेरके) फुलकळी धरू देत नाहीत. फळाचे कप्पे पाच, प्रत्येकात सामान्यतः दोन बिया. म्हणजे लगडलेल्या झाडावर अशा हजारो बिया एकाच वेळी पुढचे वर्ष अडवीत असतात. बागेत कोवळी फळे खुडून विरळणी करतात. रानात ते काम करणारे कोणी नाही, त्यामुळे एकाआड एक वर्षाचा ताल तेथे अधिक ठळक असतो. बाल्डविन तर या खोडीसाठी प्रसिद्धच आहे.

शेजारची दोन झाडे एकाच वर्षी लागतीलच असे नाही. प्रत्येकाचा ताल स्वतंत्र असतो. पण फुलोऱ्यातील एका कडाक्याने मुलूखभरचे फळ गेले, की अडवणाऱ्या बियाच उरत नाहीत आणि सगळी झाडे पुढच्या वर्षी एकदम फुलण्याच्या बेताला येतात. पूर्ण उमललेल्या फुलांपैकी सुमारे १० टक्के −२.२° से.ला अर्धा तास राहिल्यास मरतात, तर −३.९° से.ला सुमारे ९० टक्के. व्हर्माँट व आसपासच्या राज्यांत १८ मे २०२३ च्या पहाटे असेच झाले. २०१२ मध्ये मिशिगनमध्ये मार्चच्या अवकाळी उष्म्याने कळ्या लवकर फुटल्या आणि एप्रिलच्या दहिवराने (गोठलेल्या दवाने) त्या जळाल्या. राज्याचे पीक नेहमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आले. दहिवर टळले तरी फुलोऱ्यात थंड पाऊस लागला, तर मधमाश्या बाहेर पडत नाहीत. सफरचंदाला बहुधा दुसऱ्या वाणाचा पराग लागतो, म्हणून जंगलातले एकटे झाड पांढरे होईपर्यंत फुलते व हाती चार फळे देते. ओल्या वसंतात खवडा (व्हेंच्युरिया इनइक्वालिस ही बुरशी) पाने झाडतो. अळी पडलेली फळे वेळेआधी गळतात. हरणाला अळीचे वावडे नाही, पण शिकाऱ्याला अशा अवेळी गळतीचे असते.

ठिकाण : फुलोरा दक्षिण कनेटिकटमध्ये साधारणतः मेच्या पूर्वार्धात, तर उत्तर मेनमध्ये जूनच्या आरंभी येतो. त्यामुळे एकच थंडीची लाट एका पट्ट्यात पीक बुडवते व दुसऱ्यात कळ्या बंद असल्याने वाया जाते. शांत रात्री थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहून खळग्यात साचते. ओढ्याकाठचे झाड रिकामे आणि त्याच टेकडीच्या मध्यावरचे लगडलेले, हे दृश्य नेहमीचे. उत्तरेकडील उतारावर झाडे उशिरा फुलतात आणि काही वेळा त्यामुळेच वाचतात. ऑन्टॅरिओ व शँप्लेन या सरोवरांकाठी गार पाण्यामुळे वसंत लांबतो, म्हणून तेथील पीक अधिक भरवशाचे. या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऊन. सावलीत सापडलेले झाड जगते, फळत नाही. निदान तीन बाजूंची दाटी तोडून त्याला मोकळे करावे आणि छाटणी एका वर्षात एकतृतीयांशापेक्षा जास्त करू नये, असा सल्ला दिला जातो.

शिकारीशी संबंध : मेनमध्ये अस्वलाची शिकार ऑगस्टअखेर सुरू होते, ग्राऊझची (स्थानिक बोलीत ‘पार्ट्रिज’) सप्टेंबरअखेरीपासून, हरणाची बंदुकीने नोव्हेंबरात. ऑगस्टमध्ये गळणारे झाड अस्वलाच्या कामाचे. नोव्हेंबरात त्याखाली फक्त सुकलेले गवत असते. हरणासाठी बसणारा म्हणून उशिरापर्यंत फळ धरून ठेवणारी झाडे शोधतो. पाने झडलेल्या फांद्यांवर लाल-पिवळी फळे लोंबत असतात, रात्रीच्या गोठणीने मऊ पडून एकेक खाली येतात, आणि हरिण त्या ‘टप्’ आवाजाला सरावलेले असते. अर्धवट चावलेल्या फळावर वरच्या दातांची खूण नसते, कारण हरणाला वरचे पुढील दात नसतात. अस्वल मात्र झाडावर चढून फांद्या आत ओढून मोडते आणि जागोजाग साल-बियांनी भरलेली विष्ठा टाकते. ग्राऊझ फळाला टोचे मारते, हिवाळ्यात त्याच झाडाच्या कळ्या खाते.

सफरचंद भरपूर म्हणजे शिकार तेथेच, असे मात्र नाही. ओकच्या फळांचे वर्ष चांगले असले तर हरणे ओकखालीच राहतात. उत्तर मेनमध्ये ओक कमी, तेथे बीचच्या बिया निर्णायक ठरतात. त्या कमी असलेल्या वर्षी अस्वले लवकर गुहेत शिरतात. मेन व व्हर्माँटमध्ये हरणाच्या शिकारीसाठी आमिष टाकण्यास बंदी आहे, पण झाडाचे आपोआप पडलेले फळ आमिष ठरत नाही. पोत्याने सफरचंदे आणून ओतली की ठरते.

इतरत्र : दक्षिणेकडील राज्यांत मॅ. अँगस्टिफोलिया आढळते. हिमालयात मॅ. बॅकाटा ही रानजाती आहे; तिला पालू म्हणतात व कलमासाठी खुंट म्हणून वापरतात. महाराष्ट्राच्या रानात मॅलस नाही. पूर्वी विदर्भात मोहाच्या फुलगळीच्या दिवसांत शिकारी झाडाजवळ मचाण बांधून अस्वलाची वाट पाहत, ती याच प्रकारची शिकार. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये ती आता बेकायदेशीर आहे.