स्थानिक रेडिओ प्रसारण : भारतातील स्थिती व भवितव्य

एखादे शहर, तालुका किंवा जिल्हा एवढ्याच टापूसाठी, तिथल्या माणसांनी, तिथल्या बोलीत चालवलेले रेडिओ प्रसारण म्हणजे स्थानिक रेडिओ. भारतात त्याचे तीन प्रकार आढळतात : आकाशवाणीची स्थानिक केंद्रे, खासगी एफएम केंद्रे आणि सामुदायिक रेडिओ, म्हणजे शिक्षणसंस्था किंवा स्वयंसेवी संस्थांनी आसपासच्या लोकांसाठी चालवलेली लहान केंद्रे. तिन्हींच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी मूळ प्रश्न एकच आहे. मनोरा शाबूत राहील, पण त्या मनोऱ्यावरून बोलणारे माणूस त्याच गावचे असेल का?

आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोइल येथे सुरू झाले. पुढे महाराष्ट्रातही बीड, नांदेड, सातारा, अहमदनगर अशा जिल्ह्यांच्या गावी केंद्रे आली. स्थानिक कलावंत, शेतकरी आणि शिक्षकांना माईकपर्यंत पोहोचवणे हा त्यामागचा हेतू होता. आता निवृत्तांच्या जागा भरल्या जात नाहीत, अनेक केंद्रांचे रोजचे काम नैमित्तिक उद्घोषकांच्या जिवावर चालते आणि इतर केंद्रांवरून घेतलेल्या सहक्षेपणाचे तास वाढतात. केंद्र बंद पडत नाही, ते हळूहळू नुसते पुनर्प्रक्षेपणाचे ठाणे होते. या घसरणीची नोंद केंद्र बंद करण्याच्या कुठल्याही आदेशात सापडत नाही, म्हणून ती अधिक घातक आहे.

जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तिथले काम छत्रपती संभाजीनगरकडे सोपवण्याचा निर्णय झाला. श्रोते, पत्रकार आणि लोकप्रतिनिधींनी विरोध केल्यावर त्याला स्थगिती मिळाली. सकाळचे बातमीपत्र वर्षानुवर्षे ऐकणाऱ्यांनी ते आपले म्हणून राखले. स्थानिक रेडिओच्या अलीकडच्या इतिहासातली ही आशादायक घटना मानायला हवी.

सामुदायिक रेडिओचा पाया एका निकालाने घातला. ‘रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये मांडले. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. त्यानंतर २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना परवान्याची वाट खुली झाली. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र २००४ मध्ये, तर तेलंगणात तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील दलित शेतकरी महिलांचा ‘संघम रेडिओ’ २००८ मध्ये सुरू झाला.

त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. माण हा कायम दुष्काळाच्या छायेतला तालुका. पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याकडे गेलेली माणसे इथे घरोघरी आहेत. अशा ठिकाणी शेतीचा सल्ला, आरोग्याची माहिती, बायकांच्या लहानसहान धंद्यांविषयीच्या गप्पा आणि गावातल्याच बाईने गायलेली ओवी हे सगळे एका वाहिनीवर येते. सांगलीच्या जत तालुक्यात जालिहाळ येथील ‘येरळावाणी’ही अशाच कोरडवाहू मुलखात काम करते. या केंद्रांची ताकद साधारण १०० वॅट, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. एवढ्या परिघात बोलणारी आणि ऐकणारी माणसे एकमेकांना बाजारात भेटतात. निवेदिकेने चुकीचा भाव सांगितला तर दुसऱ्या दिवशी तिला कोणीतरी अडवून विचारतेच. मोठ्या वाहिनीला असा जाब क्वचितच द्यावा लागतो.

या माध्यमाच्या वाढीतला सर्वांत मोठा अडसर बातम्यांवरील बंदी हा आहे. खासगी एफएम आणि सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे ऐकवता येते. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना अशा गोष्टी बातमीत धरल्या जात नाहीत. म्हणजे उद्या नळाला पाणी येणार नाही हे सांगता येते. पाणीयोजना का रखडली, हा बातमीचा विषय मात्र धोक्याचा ठरतो. वर्तमानपत्राला, दूरचित्रवाणीला, मोबाइलवरच्या कोणालाही जे करता येते ते परवानाधारक, नियमांनी बांधलेल्या रेडिओला करता येऊ नये, याला पटणारे कारण नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी एफएमना तासाला दहा मिनिटे बातम्यांची मुभा द्यावी अशी शिफारस केली. सामुदायिक केंद्रांना ती त्याहून अधिक गरजेची आहे.

पैशांची बाजू २०२४ मध्ये थोडी सुधारली : सामुदायिक केंद्रांची जाहिरातीची मर्यादा तासाला सातवरून बारा मिनिटांवर गेली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये झाला. तरी बहुतेक केंद्रे चालक संस्थेच्या मदतीवरच उभी आहेत.

ऐकण्याचे साधनही बदलले. मोबाइलमधला एफएम इअरफोनची तारच अँटेना म्हणून वापरतो. नव्या फोनमधून इअरफोनची खाच गेली, तार गेली, आणि तिच्याबरोबर कित्येकांचा फुकटचा रेडिओही गेला. एफएमची सोय बंद ठेवू नये, अशी सूचना केंद्र सरकारने २०२३ मध्ये उत्पादकांना दिली. एफएमचे मोल पुरात किंवा वादळात कळते. मोबाइलचे मनोरे आडवे झाले तरी लहान प्रक्षेपक बॅटरीवर चालतो, आणि ऐकणारे एक असोत की लाख, त्याचा खर्च तेवढाच राहतो. इंटरनेटवरील प्रसारणाने माणचा आवाज मुंबईतल्या माणदेशी माणसाला ऐकू येईल. पण त्याला डेटा लागतो आणि जाळे चालू असावे लागते.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून काढून डिजिटल केल्या, मात्र बहुतेक स्थानिक केंद्रांना एफएमवर राहू दिले. भारतातही डिजिटल रेडिओची चर्चा सुरू आहे. तो आला तर लहान केंद्रांना नव्या यंत्रणेचा खर्च कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. या शहरांत केंद्र घेणाऱ्याने रोज किमान किती तास तिथल्याच स्टुडिओतून, तिथल्याच निवेदकाकडून कार्यक्रम करावेत, ही अट परवान्यात असावी.