पूलचा रॅक घट्ट बसतो म्हणजे नेमके काय होते

कॅरम बोर्डावर सोंगट्या मांडताना मधोमध राणी, तिच्याभोवती सहा सोंगट्या आणि त्यांच्याबाहेर बारा, ही रचना आपल्यापैकी अनेकांच्या बोटांना सवयीने ठाऊक असते. दोन्ही हातांनी बाहेरून हलकेच दाबले की एकोणीसही जणी एकमेकींना टेकतात आणि हात काढल्यावर तशाच राहतात, कारण सोंगटी सपाट असते आणि ती घरंगळत नाही. पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळात टेबलावर नऊ किंवा पंधरा चेंडू असेच एकमेकांना चिकटवून मांडायचे असतात; या मांडणीला रॅक म्हणतात. पण चेंडू कापडावर जेमतेम एका बिंदूवर टेकलेला असतो आणि कापडातला बारीकसा उंचसखलपणाही त्याला बाजूला न्यायला पुरतो.

जुन्या पद्धतीत लाकडाची किंवा प्लॅस्टिकची त्रिकोणी चौकट वापरतात. चेंडू चौकटीत भरायचे, पहिला चेंडू टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, म्हणजे फूट स्पॉटवर आणायचा, शेवटच्या रांगेमागे बोटे घालून सगळे चेंडू पुढे दाबायचे आणि चौकट अलगद उचलायची. बोटांचा दाब असेपर्यंत रॅक घट्ट असतो. दाब सुटला की प्रत्येक चेंडू आपापल्या पायाखालचा खळगा शोधतो, आणि वापरातल्या टेबलावर असे खळगे असतातच. स्लेट दगडावर ताणून बसवलेल्या कापडावर त्याच जागी रोज कितीतरी ब्रेक, म्हणजे पांढऱ्या चेंडूने मांडणी फोडणारे पहिले फटके, होतात, चेंडू खाली आपटतात आणि कापडाचे धागे दबत जातात. दोन खळग्यांमधले अंतर चेंडूच्या व्यासापेक्षा केसभर जास्त असले तरी ते दोन चेंडू कितीही दाबले तरी पुन्हा वेगळे होतात. म्हणून काही खेळाडू चेंडू नीट मांडून त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या चेंडूने ठोकत असत, म्हणजे हवे तिथेच खळगे पडावेत. हा उपाय लागू पडतो, पण त्याची किंमत कापडाला मोजावी लागते.

टेम्प्लेट रॅकमध्ये चेंडूंना बाहेरून दाबायचेच नसते. मॅजिक रॅक, अ‍ॅक्यू-रॅक अशा नावांनी मिळणारे हे टेम्प्लेट म्हणजे लवचीक प्लॅस्टिकचा एक पातळ तुकडा असतो. तो कापडावर सपाट पसरायचा आणि त्याच्या छिद्रांत एकेक चेंडू ठेवायचा. इतका पातळ तुकडा चेंडूला कसा अडवतो, हा प्रश्न साहजिक आहे. जाडी साधारण ०.१४ मिलिमीटर धरली आणि चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर घेतला, तर पायथागोरसच्या प्रमेयावरून असे निघते की चेंडूची गोलाई टेकण्याच्या बिंदूपासून सुमारे २.८ मिलिमीटरवर त्या उंचीला पोहोचते. म्हणजे छिद्राची कड तिथे असेल, तर चेंडूला बाहेर पडण्यासाठी स्वतःचे दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम वजन त्या कडेवर चढवावे लागते. चढण नगण्य दिसते, पण स्थिर चेंडूला घरंगळवणाऱ्या कापडाच्या उतारापेक्षा ती पुष्कळ मोठी असते. शिवाय कडा किंचित आतल्या बाजूला घेतलेल्या असल्या, तर चेंडू शेजाऱ्याकडे कलतो आणि स्वतःच्या वजनाने त्याला टेकून राहतो. चौकटीत घट्टपणा हाताच्या दाबावर अवलंबून असतो. इथे ते काम गुरुत्वाकर्षण करते, आणि ते हात काढल्यावरही थांबत नाही. मांडणी काही सेकंदांत होते त्याचे कारणही हेच आहे.

तरीही टेम्प्लेट वापरूनसुद्धा एखादी फट राहतेच, आणि त्यात मांडणाऱ्याचा दोष नसतो. मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो, म्हणून जरा आकडेमोड करू. सपाट टेबलावर एका चेंडूची जागा सांगायला दोन आकडे लागतात, म्हणजे नऊ चेंडूंसाठी अठरा. त्यांतले तीन संपूर्ण गटाची जागा आणि दिशा ठरवण्यात खर्च होतात, उरतात पंधरा. आता नाईन-बॉल या नऊ चेंडूंच्या खेळातल्या हिरकणी आकाराच्या मांडणीत एक, दोन, तीन, दोन, एक अशा रांगांमध्ये एकमेकांना टेकणाऱ्या जोड्या मोजल्या, तर त्या सोळा भरतात. हाती असलेले स्वातंत्र्य पंधराचे आणि पाळायच्या अटी सोळा. सगळे चेंडू अगदी एकाच मापाचे असतील तर सोळावी अट आपोआप पुरी होते. मापात थोडाही फरक असेल तर सामान्यतः एक जोडी सुटी राहणारच. पंधरा चेंडूंच्या त्रिकोणात जोड्या तीस आणि स्वातंत्र्य सत्तावीस, म्हणजे तीन अटी जास्तीच्या. जास्तीच्या अटींची ही संख्या नेमकी त्या चेंडूंइतकी असते ज्यांच्याभोवती सहा शेजाऱ्यांचे पूर्ण कडे असते: हिरकणीत मधला नऊ क्रमांकाचा एकटा, त्रिकोणात तिसऱ्या रांगेतला मधला आणि चौथ्या रांगेतले मधले दोन. कॅरमच्या एकोणीस सोंगट्यांतही हा हिशेब जुळतो. तिथे कड्याने वेढलेल्या सात आहेत आणि बेचाळीस जोड्यांपैकी सात जास्तीच्या.

आता चेंडू खरोखर किती सारखे असतात ते पाहू. अधिकृत मापानुसार पूलच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो आणि त्यात ०.१२७ मिलिमीटर इकडेतिकडे चालते. फिनॉलिक रेझिन या कडक प्लॅस्टिकच्या चांगल्या संचातले चेंडू एकमेकांशी याहून पुष्कळ जवळचे असतात, पण जुन्या क्लबात संचात एखादा चेंडू हरवल्यावर दुसऱ्या संचातला आणून टाकलेला असतो, आणि तिथे दशांश मिलिमीटरचा फरक सहज सापडतो. समजा, मधला नऊ क्रमांकाचा चेंडू बाकीच्यांपेक्षा व्यासाने ०.१ मिलिमीटर मोठा आहे. त्याला टेकून सहा चेंडू ओळीने लावत गेलो, तर पहिल्या आणि शेवटच्या चेंडूत राहणारी फट ०.१ नसून सुमारे ०.३ मिलिमीटर असते, कारण कड्यातल्या सहाही जागांची थोडीथोडी कसर एकाच ठिकाणी साठते. उलट मधला चेंडू लहान असेल, तर बाहेरचे सहा एकमेकांना टेकतात आणि मधल्याला सगळ्यांना एकाच वेळी टेकता येत नाही. टेम्प्लेट चेंडूंची मापे बदलत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

एवढ्याशा फटीने काय बिघडते? दोन चेंडू आपटतात तेव्हा ते क्षणभर दबतात. हाइनरिख हर्ट्झ यांनी गोलाकार वस्तू एकमेकींवर दाबल्यावर त्यांचे काय होते याचे सूत्र १८८२ साली मांडले. त्या सूत्रात रेझिनची ताठरता आणि सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर असा बऱ्यापैकी जोरदार ब्रेकचा वेग घातला, तर दोन चेंडू साधारण पाऊण मिलिमीटर एकमेकांत दबतात आणि पाव मिलिसेकंद एकत्र राहतात. रॅक घट्ट असेल तर त्या पाव मिलिसेकंदात धक्का पुढच्या रांगांत शिरलेला असतो आणि प्रत्येक चेंडूवर त्याच्या शेजाऱ्यांचे रेटे जवळजवळ एकाच वेळी येतात. मागच्या रांगांपर्यंत मात्र धक्का वाटला जात कमकुवत होतो. तिथे एखादा चेंडू सेकंदाला दोन मीटर वेगाने सरकू लागला आणि समोर ०.३ मिलिमीटरची फट असली, तर ती ओलांडायला त्याला सुमारे दीडशे मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे मूळ टकरीच्या निम्म्याहून जास्त वेळ. तोवर बाजूच्या शेजाऱ्याने आपला रेटा देऊन टाकलेला असतो. ज्या चेंडूला दोन्ही बाजूंनी मिळून एक दिशा मिळायची, त्याला आधी एक आणि मग दुसरी दिशा मिळते, आणि तो दुसरीकडेच जातो.

घट्ट रॅकचा सगळ्यात ठळक परिणाम हिरकणीच्या दोन बाजूंच्या टोकांवर दिसतो. तिथल्या चेंडूला खेळाडू विंग बॉल म्हणतात. त्याचे शेजारी तीनच असतात आणि ब्रेकचा धक्का पुढच्या बाजूने व मधल्या नऊ क्रमांकाच्या चेंडूकडून येतो. सगळ्या जोड्या खरोखर टेकलेल्या असल्या, तर या रेट्यांची बेरीज त्याला जवळजवळ सरळ कोपऱ्यातल्या पॉकेटकडे पाठवते, आणि तेही दरवेळी. टेम्प्लेट आल्यावर निष्णात खेळाडूंच्या हे लगेच लक्षात आले की जोर कमी केला तरी विंग बॉल पडतो आणि पांढरा चेंडूही ताब्यात राहतो. ब्रेक हा खेळातला अनिश्चित भाग होता, तो बराचसा ठरलेला झाला. म्हणून काही मोठ्या स्पर्धांमध्ये नऊ क्रमांकाचा चेंडू फूट स्पॉटवर ठेवण्याची पद्धत आली. पहिला चेंडू आणि नऊ क्रमांकाचा यांच्यात दोन रांगांचे, म्हणजे सुमारे ९९ मिलिमीटरचे अंतर असते. तेवढी सगळी मांडणी ब्रेक करणाऱ्याच्या दिशेने सरकते आणि विंग बॉलची वाट पॉकेट चुकवून कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला, जाते. याशिवाय ठराविक संख्येने चेंडू पडावेत किंवा ब्रेक करणाऱ्याच्या बाजूच्या ठरलेल्या रेषेपर्यंत यावेत, असा नियमही केला गेला, म्हणजे हळू ब्रेक परवडू नये. एका पातळ प्लॅस्टिकने खेळाच्या नियमांना हात लावायला भाग पाडले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

वापरताना एक पथ्य पाळावे लागते: टेम्प्लेट पूर्ण सपाट असले पाहिजे. घडी पडलेले किंवा गरमीने कड वळलेले टेम्प्लेट चेंडूला एका बाजूने उचलते आणि सगळा फायदा जातो. ब्रेक झाल्यावर त्यावर कोणताही चेंडू उरला नाही, की ते हळूच उचलून बाजूला ठेवतात. त्यावर साचलेली खडूची पूड पुसून घ्यावी.

मी स्वतः रॅक तपासायला मोबाइलचा दिवा वापरतो. टेबलाच्या उंचीवर डोळे आणून, दिवा मागच्या रांगेच्या पलीकडे कापडालगत धरायचा आणि जोड्यांच्या मधून पाहायचे. टेकलेल्या जोडीत काळोख असतो. सुटलेल्या जोडीत उभी, केसासारखी बारीक उजेडाची रेघ दिसते. एका जुन्या संचावर ही रेघ सारखी डाव्या विंग बॉलपाशी येत होती. टेम्प्लेट बदलले, पुन्हा मांडले, रेघ तिथेच. मग मधला नऊ क्रमांकाचा चेंडू जागेवरच थोडा फिरवला, तेव्हा रेघ नाहीशी झाली आणि उजवीकडच्या जोडीत उगवली. तो चेंडू पूर्ण गोल राहिला नव्हता. त्या दिवशी कॅलिपरने मोजले, तर दोन दिशांच्या व्यासांत मिलिमीटरच्या जवळजवळ दहाव्या भागाचा फरक निघाला.