किल्लारीची घरे, लातूरची रेल्वे आणि जागेची प्रतिमा

मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट ठिकाणी पोहोचल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी असतात, हे जॉन ओ'कीफ यांनी १९७१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले आणि या कामासाठी २०१४ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. वाटेची जाण अशी मेंदूत उमटते. पण त्या वाटेवर आपल्याला निर्धास्त वाटावे की धडकी भरावी, हे मात्र समाजाच्या अनुभवावर ठरते. मराठवाड्यात याचा सर्वांत कठोर प्रत्यय किल्लारीच्या भूकंपाने दिला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपतीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना, लातूर-धाराशिव सीमेवरील गावे हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदावर, म्हणजे सपाट धाब्यावर, वर्षानुवर्षे थरावर थर चढवलेली माती, हा सारा भार झोपलेल्यांवर कोसळला. तोवर ज्या भिंती ऐपतीची आणि उन्हाळ्यातल्या गारव्याची खूण होत्या, त्यांचीच एका रात्रीत धास्ती बसली. भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे लांब दगड आणि आडवे पट्टे घातले असते, तर तीच दगडी घरे बरीच तग धरू शकली असती, हे अभियांत्रिकीचे म्हणणे बरोबर होते. तरीही दगडी घरात पुन्हा झोपायला लोक धजेनात, हेही तितकेच स्वाभाविक होते.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या ठिकाणी वसवली गेली. जुन्या गावात वेस, गढी, पार आणि भावकीच्या बोळी होत्या. नव्या गावात रुंद रस्ते आणि आखीव भूखंड आले, वस्ती पूर्वीपेक्षा कितीतरी पसरली आणि शेजार विखुरला. घराचे क्षेत्रफळ जमीनधारणेवरून ठरले: भूमिहीन आणि अत्यल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या गटाला ४००, तर मोठ्या जमीनदारांना ७५०. या पुनर्वसनातील मला सर्वाधिक खटकणारी बाब हीच आहे, कारण छप्पर सगळ्यांचेच गेले होते, आणि नव्याने गाव मांडण्याची दुर्मीळ संधी हाती असताना जुनी विषमता सिमेंटमध्ये पक्की करण्यात आली.

बाहेरच्यांच्या मनातील मराठवाडा वेगळ्याच रीतीने घडला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी पोहोचले, आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. त्यातून हा जणू वाळवंटी प्रदेश असल्याचा समज दृढ झाला. वास्तविक येथे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खरी अडचण त्याच्या लहरीपणाची, पाणी फारसे धरून न ठेवणाऱ्या बेसाल्ट खडकाची आणि उसाकडे वळवलेल्या पाण्याची आहे. दुष्काळी म्हणून शिक्का बसला की टँकरची चर्चा होते, पीकपद्धतीची होत नाही.

जागेची ओळख तिच्या सीमेच्या आत बंदिस्त नसते, ती बाहेरच्या जगाशी असलेल्या संबंधांतून घडते, आणि त्या संबंधांवर सर्वांचा ताबा सारखा नसतो, असे ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी यांनी मांडले. लातूरच्या आडत बाजारात पोते उघडणाऱ्या शेतकऱ्याला हे रोज दिसते: सोयाबीनच्या भावावर आयात पामतेलाचे सावट असते, तर तुरीच्या भावावर म्यानमार आणि आफ्रिकेतून येणाऱ्या मालाचे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यांतली वाहने परदेशी जातात. बीडचा 'कोयता', म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायकोचे जोडपे, मुकादमाकडून उचल घेऊन दसऱ्यानंतर गाव सोडतो आणि पुढचे पाच-सहा महिने साखर कारखान्याच्या आसपास कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतो.

अमेरिकी नगररचनाकार केविन लिंच यांनी बॉस्टनसह तीन शहरांतील रहिवाशांना आपापले शहर आठवणीतून कागदावर काढायला सांगितले होते. १९६० साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आजही नियोजनात वापरला जातो. मराठवाड्यातील गावांचे आराखडे करताना ही पद्धत जरूर वापरावी, परंतु ही पाहणी हिवाळ्यात झाली, तर बीड जिल्ह्यातील कित्येक गावांत कागद हाती घ्यायला घरातले म्हातारे आणि मागे राहिलेली मुलेच भेटतील.