जुने फोटो घरच्या स्कॅनरवर उतरवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरात प्रिंटरसोबत येणारा सपाट काचेचा स्कॅनर असल्यास सुट्या फोटोंच्या डिजिटल प्रती आपण स्वतःच उत्तम काढू शकता, आणि त्यासाठी आमच्याकडे पैसे मोजण्याची गरज नाही, असे आम्ही दुकानात येणाऱ्या ग्राहकांना सांगत असतो.

फोटोवरील धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटकावी. ओले फडके फोटोला लावू नये. काच पुसताना द्रावण थेट काचेवर न फवारता फडक्यावर घ्यावे, कारण कडेने आत झिरपलेल्या ओलाव्याचा डाग पुढे प्रत्येक प्रतीवर उमटतो.

मूळ आकाराचीच छपाई हवी असेल तर 300 डीपीआय (म्हणजे दर इंचाला टिपले जाणारे बिंदू) पुरते. तरीही 4 बाय 6 इंचांचे फोटो 600 वर स्कॅन करावेत, असे आम्ही सुचवतो. त्यातून 2400 बाय 3600 बिंदूंची प्रत मिळते आणि पुढे दुप्पट आकाराची छपाईही स्वच्छ येते. पासपोर्ट आकाराच्या फोटोसाठी 1200 ठेवावे. त्यापलीकडे सहसा कागदाचा पोतच मोठा दिसू लागतो, आणि स्कॅनरच्या खोक्यावरचा भलामोठा आकडा तर पुष्कळदा सॉफ्टवेअरने मधले बिंदू भरून गाठलेला असतो. कृष्णधवल फोटोही रंगीत पर्याय निवडूनच स्कॅन करावेत, म्हणजे पिवळे डाग नंतर वेगळे ओळखून काढता येतात. आपोआप सुधारणा करणारे पर्याय मात्र बंद ठेवावेत.

लग्नाच्या जुन्या अल्बममधील रेशमी पोताच्या कागदावर स्कॅनरचा प्रकाश तिरपा पडून पांढरे ठिपके येतात. असा फोटो एकदा सरळ आणि एकदा वरची बाजू खाली येईल असा फिरवून स्कॅन करावा व दोन्ही प्रती संगणकावर एकमेकींवर बसवाव्यात. ठिपके पूर्ण जात नाहीत, पण बरेच कमी होतात.

चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सहज सुटत नसेल तर सुरी किंवा उष्णता न वापरता पानासकट स्कॅन करावा. पावसाळी दमटपणामुळे फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच ओढू नये, कारण चित्राचा थर काचेवरच राहतो. प्रिंटरसोबतचे बहुतेक स्कॅनर काचेला टेकलेलीच वस्तू स्पष्ट टिपतात, त्यामुळे फ्रेमच्या काचेआडून प्रत धूसर येते. अशी फ्रेम आहे तशीच आमच्याकडे आणावी.

फोटोच्या मागे आजोबांनी शाईने लिहिलेली तारीख किंवा बारशाची नोंद असेल तर ती बाजूही स्कॅन करावी. घाईत हीच गोष्ट हमखास राहून जाते.

मूळ प्रत टिफ या फाइल-प्रकारात ठेवावी. वर सांगितलेल्या, 600 वर स्कॅन केलेल्या 4 बाय 6 इंचांच्या फोटोची अशी फाइल सुमारे 26 एमबीची होते, परंतु जेपेग फाइल बदल करून पुन्हा साठवताना दरवेळी थोडा तपशील गमावते, तसे यात होत नाही. एक प्रत संगणकावर आणि दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठी जेपेग प्रत काढावी व ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती आकुंचित न होता पोहोचते.