'शॅम्पू' मूळचा तालमीतला

कोल्हापुरात गंगावेशीच्या बाजूला एखाद्या तालमीत पहाटे डोकावलं तर कसरत उरकलेला पैलवान पालथा पडलेला दिसतो आणि एखादं पोरगं त्याची पाठ रगडत असतं. इंग्रजीतल्या 'शॅम्पू' या क्रियापदाचा मूळ अर्थ हाच: अंग चेपणे. केसांचा आणि फेसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शब्द आला हिंदीतल्या 'चाँपना'वरून, म्हणजे दाबणे, मळणे. गंमत अशी, की इंग्रजांनी नुसतं क्रियापद उचललं नाही, हुकूम उचलला. 'चाँपो' हे आज्ञार्थी रूप. ते नोकराला ऐकवायचं आणि पाय पसरायचे. १७६२ पासून हा शब्द इंग्रजी लिखाणात सापडतो. आपल्याकडे त्याच अर्थाचं 'चेपणं' आहे, न्हाव्याची चंपी आहे. साहेबानं कोल्हापुरात अंग चेपून घेतलं असतं, तर आज बाटलीवर 'चेप की' छापलेलं असतं!

विलायतेत हा शब्द गाजवला तो पाटण्याच्या माणसानं. शेख दीन मोहम्मद, जन्म १७५९. कंपनीच्या बंगाल फौजेत होता, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला. १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं. ते दोनेक वर्षांत बुडालं. मग समुद्रकाठच्या ब्रायटनला त्यानं औषधी वाफारा आणि मालिश सुरू केलं. गिऱ्हाईक फ्लॅनेलच्या तंबूत वाफ घेत बसायचं, आणि तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात घालून बाहेरचा माणूस त्याचं अंग चेपायचा. सांधेदुखीवाले बडे लोक तिथे येऊ लागले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या राजांचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' झाला. आपल्या भाषेत राजवैद्य नव्हे, राजमालिशवाला. पण मान तोच.

१८५१ मध्ये तो गेला. पुढच्या दशकात शब्दाचा अर्थ सरकला: आधी सगळं अंग, मग नुसतं डोकं, मग डोकं धुणं. शेवटी धुण्याच्या साबणालाच ते नाव चिकटलं. १९०३ मध्ये बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफनं त्याची पूड विकायला काढली.

आता तीच पुडी शिकेकाई-रिठ्याशेजारी आपल्या किराणा दुकानात लोंबते. तालमीत मात्र पालथा पडलेला पैलवान अजून म्हणतो, 'नीट रगड की रं.'