काळ्या मातीत रणगाडा फसते का?

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पांदण रस्त्यात ट्रॅक्टर असा फसला की मागचं चाक अर्धं गडप, शेवटी नाल्याच्या कामावरचं पोकलेन आणून ओढावा लागला. आता बघा, पोकलेन ट्रॅक्टरच्या कितीतरी पट जड, तरी त्याच चिखलातून आरामात आलं, कारण त्याला चेन आहे. रणगाडा निवडतानाचा एक मोठा हिशोब हाच असते, आणि काळ्या मातीत वावर असलेल्या माणसाला तो लवकर समजते.

जमिनीला एकूण वजन समजत नाही, एका चौरस सेंटिमीटरवर किती भार आला तेवढंच समजते. चालत्या माणसाचा भार साधारण अर्धा किलो, कारच्या टायरचा 2 किलोच्या आसपास, आणि 40 टनांच्या वरच्या टी-72 रणगाड्याचा 1 किलोच्याही आत, म्हणजे रणगाडा आपल्या कारपेक्षा हलक्या पायाने चालते! आपला अर्जुन रणगाडा 58 टनांच्या वर आहे, पण चेन रुंद असल्यामुळे त्याचा भारही टी-72 च्या जवळपासच येते. मग जड रणगाडा घ्यायला हरकत काय? हरकत पुलाची. पुलाला चेनची रुंदी दिसत नाही, त्याला सगळं वजन एकदम उचलावं लागते, आणि आपल्या गावाकडचे रपटे तर सगळ्यांना माहीतच आहेत.

आणि माती ओली झाली की हा हिशोबही कोलमडते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, तिची पकड जाते, वरून साबणासारखी होते. 1965 च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात असल उत्तरला आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या चिखलात रुतून बसले. तिथंच आपल्या सैन्याचे हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या 106 मिमी तोफेने रणगाडे फोडले. जीपला चिलखत नव्हतं, पण उसात लपता येत होतं.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, रणगाडा एकटा गेला की आंधळा असते. आतल्या माणसाला बारक्या काचेतून दिसते तेवढंच, बाजूच्या पऱ्हाटीत कोणी रॉकेट घेऊन बसला तर पत्ता लागत नाही. 1973 मध्ये सिनाईत इस्रायलचे रणगाडे पायदळाशिवाय पुढे घुसले आणि इजिप्तच्या जवानांनी सॅगर या रणगाडाफोड मिसाइलने आणि खांद्यावरच्या आरपीजी रॉकेटने त्यांचे खूप हाल केले. म्हणून पायदळ सोबत पाहिजेच, पण रणगाड्याच्या स्पीडने पायी कोण पळणार? त्यासाठी बीएमपी-2 ही जवान नेणारी चेनची चिलखती गाडी, आपल्याकडं नाव ‘सारथ’, 14 टनांच्या आसपास, 3 जण गाडी सांभाळणार आणि 7 जवान मागे बसणार, पाण्यात तरंगते सुद्धा. आपल्या कामठीला ज्यांचं सेंटर आहे त्या ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटच्या बऱ्याच पलटणी याच गाडीवर आहेत. पण तिचं चिलखत पातळ, बंदुकीची गोळी अडते, रॉकेट अडत नाही, त्यामुळे तिला रणगाडा समजून पुढे घातलं तर आतले सगळे जातात. जवानांना वेळेवर उतरवणं हेच तिचं खरं काम.

आता युक्रेनमध्ये ड्रोन वरून पडतात, जिथं चिलखत सगळ्यात पातळ. म्हणून रणगाड्यांवर लोखंडी जाळ्या बसवल्या आहेत, आणि पायदळही लहान लहान टोळ्यांनी विखरून चालते.

गडचिरोलीत धोका खालून, नक्षल्यांनी पुरलेल्या सुरुंगाचा. तिथं सुरुंगरोधी गाड्यांचा तळ व्ही आकाराचा असते, स्फोटाचा जोर बाजूला फेकला जावा म्हणून, आणि गाडी उंच, कारण स्फोटापासून जितकं अंतर तितका मार कमी. 1 मे 2019 ला कुरखेड्याजवळ 15 पोलीस जवान आणि ड्रायव्हर गेले, त्यांची गाडी साधी होती. पण छत्तीसगडात जास्त बारूद पुरून सुरुंगरोधी गाडी सुद्धा उडवली गेली आहे. सुरुंग पुरतात तो रस्त्यात, जंगलात सगळीकडं पुरता येत नाही. म्हणून सी-60 या गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे जवान गाडी ठाण्यात ठेवून जंगलातून कोसन् कोस पायीच जातात.